मोठ्या फाइलीतली मैना

६ फेब्रुवारी २००५, रविवार

शुक्रवारपासून फोन अडकलाय. या घरात कोणी मेलं तर बाहेर कळवता यायचं नाही आणि बाहेर कोणी मेलं तर आम्ही जेवून उठू. भूषण अमेरिकेतून गाणं उतरवतोय. गाणं फोनच्या तारेतून येतं म्हणे, आणि पुरतं येईस्तोवर फोन उचलायचा नाही, लावायचा नाही, फडक्याने पुसायचासुद्धा नाही. शेजारीण विचारायला आली, तुमचा फोन बिघडलाय का. म्हटलं फोन ठणठणीत आहे, नातू बिघडलाय.

ही तक्रार झाली. आता जय भीम.

डायरी भूषणच्या कंपनीची. त्याला दोन मिळाल्या, एक मला दिली. माझी शाळा दुसरीपर्यंत, बाकीचं प्रौढांच्या वर्गात कंदिलाशी बसून. पूर्वा, म्हणजे नातसून, म्हणाली, आई, तुम्ही दिवसभर जे बोलता ते यात लिहीत जा. तेवढीच तिच्या कानाला सुट्टी.

गाणं कचरूबुवांच्या पार्टीचं आहे. येरवड्यातला जयंतीचा कार्यक्रम, भूषण झोळीत होता तेव्हाचा. महिपती लाउडस्पीकरवाला आपल्या मशीनला टेप जोडून कार्यक्रम भरून घ्यायचा. त्याचा मुलगा आनंद अमेरिकेत असतो. त्याने बापाच्या कॅसेटी कॉम्प्युटरात भरल्या आणि जगाला वाटायला काढल्या. जगात असे लोक आहेत की ज्यांना आपल्या गल्लीतला मंडप ऐकायचा असतो. असतील. रिकामटेकडे सगळीकडे असतात.

त्या पार्टीत माझी मैना कोरसला होती. मैना म्हणजे माझी मुलगी, भूषणची आई. मागे बसून टाळ्या द्यायच्या आणि बुवांनी ओळ टाकली की शेवटचा शब्द उचलायचा, एवढंच काम. भूषण वर्षाचा व्हायच्या आत काविळीने गेली. बापाने दुसरं लग्न केलं. पोर मी वाढवलं, मला आई म्हणतं. यात रडण्यासारखं काही नाही. मंडईत मेथी विकायची, मेथीला खप होता.

१३ फेब्रुवारी

गाणं आलं. हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून मला बसवलं, फोटो काढायला बसवतात तसं.

चांगलं आलंय. ढोलकी पोटात वाजते. बुवा खोकतात, कोणीतरी पुढच्या पोरांना बसा रे बसा म्हणतो, मागे एक पातेलं पडतं. पहिलं गाणं संपलं आणि बुवा पेटीशी खुडबुड करायला लागले. ते त्यांचं नेहमीचं. तेवढ्यात पेटीच्या मागून, लांबून, मैना बोलली.

“आई, भूषणला घे गं, उठलाय.”

माईकवर नाही. तिला काय माहीत कोणी भरून घेतंय. मी स्टेजच्या मागे कनातीशी उभी असायची, मला म्हणाली. आणि मी उठले. आज, हॉलमध्ये, खुर्चीवरून. मग बसले.

भूषण तेव्हा मोबाइलवर ऑफिसच्या कोणाशी इंग्रजीत भांडत होता. गाणी संपल्यावर म्हणाला, कसं वाटलं आई? म्हटलं, पेटी चढी लागली होती. तो हसला.

सांगितलं नाही. सांगून करायचं काय? ज्याच्यावाचून त्याचं काही अडलं नाही ते आता त्याच्या पुढ्यात टाकून त्याला अडवायचं कशाला. शिकला, नोकरीला लागला, बायको चांगली मिळाली. झोळीतल्या पोराला हाक मारलेली आता ऐकून तो काय झोळीत जाणार आहे?

२० फेब्रुवारी

आनंदचा अमेरिकेतून फोन. फोन मोकळा होता म्हणून लागला. सुंदरामावशी, ऐकलंत का, म्हणाला. म्हटलं ऐकलं, पण एवढं जड गाणं आम्ही पाहिलं नाही, आख्खा फोन दाबून बसलं होतं. तर त्याने मला शिकवलं. या फाइलीला फ्लॅक म्हणतात. गोधडीची घडी घालून ट्रंकेत ठेवावी तशी. जागा कमी लागते, पण उलगडली की एकूणएक टाका जागच्या जागी. एमपीथ्री म्हणून दुसरी असते, ती फार लहान. पण ती घडी घालत नाही, कात्री चालवते. माणसाला ऐकू येणार नाही असं तिला जे वाटतं ते ती कापून टाकते. मोठ्या आवाजामागचं बारीक तर आधी.

हे जमवणारे लोक त्याबाबतीत फार कडक आहेत. जसं आलं तसंच पुढे द्यायचं. बुवांचा खोकलासुद्धा काढायचा नाही. कोणी कात्री लावलेला माल घडीचा म्हणून खपवला की त्याला वाळीत टाकतात.

म्हटलं, आम्हाला बाकी सगळ्यावरून वाळीत टाकून झालंय, खोकल्यावरून तेवढं राहिलं होतं. तो तिकडे बराच वेळ हसला.

भूषण बाजूलाच होता. त्यानेही ऐकलं. त्याला तर हे सगळं आधीच ठाऊक.

८ मार्च

पूर्वाने बटण कुठलं दाबायचं ते दाखवून ठेवलंय. दोघं कामावर गेल्यावर दुपारी लावते. बुवांसाठी.

पेटी चढीच आहे.

३ एप्रिल, रविवार

जयंतीच्या मंडळाची पोरं आली होती. कचरूबुवांची गाणी मिळाल्याची त्यांना कुठून तरी कुणकुण लागली. मंडपात लावायची म्हणाले, आणि घराघरात सीडी वाटायच्या. भूषण खूश. सकाळपासून बसलाय. मोठ्या फाइली त्यांच्या मशीनवर चालत नाहीत, म्हणून त्याने सगळ्या लहान केल्या. बुवांच्या सगळ्या गाण्यांच्या जोडीला आणखी कितीतरी एका सीडीत बसवली. कॉम्प्युटर भरून गेला होता, मध्येच अडायचा. तोही मोकळा केला, आता पळतो म्हणाला.

कामाचा पोरगा आहे. मंडळाच्या पोरांना चहा दिला. सीडीवर बुवांचा फोटो लावलाय. फोटोत मागे मैनेचं कोपर आहे. मी कोणाला दाखवलं नाही.

१५ एप्रिल

काल जयंती. मंडपात सकाळपासून बुवाच. गल्लीतल्या म्हाताऱ्या माझ्याकडे येऊन गेल्या, अगदी कालच्यासारखं वाटतं म्हणाल्या. म्हाताऱ्यांना सगळंच कालच्यासारखं वाटतं. पेटीच्या खुडबुडीच्या जागी मी मुद्दाम कर्ण्याखाली जाऊन उभी राहिले. पोरं शिट्ट्या मारत होती, जनरेटर घुरघुरत होता. काही ऐकू आलं नाही. गर्दीत कसं येणार.

१७ एप्रिल, रविवार

काल दुपारी घर शांत होतं म्हणून लावलं. बुवा आहेत. ढोलकी आहे. खोकला आहे. पातेलं पडल्याचं ओळखू येतं. पेटीची खुडबुड आली आणि तिच्यामागे पाणी.

दुसरा शब्द मला येत नाही. आवाज आहे, शब्द नाहीत. विहिरीत तोंड घालून कोणी बोलावं तसं. मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. कान गेले असतील म्हणून पूर्वाला बसवलं. ती म्हणाली, आई, इथे काहीतरी गुळगुळ होतंय, कोणी बोलतंय का?

आज भूषणला धरलं. म्हटलं हे काय केलंस? तो म्हणाला, अगं काही नाही, लहान केली, गाणं तेच आहे. म्हटलं मोठी लाव. तर मोठी पुसली. डिस्क भरली होती, आणि आनंदकडे अमेरिकेत आहेच की. मग जरा वैतागून म्हणाला, एवढं काय त्या पेटीच्या मधल्या आवाजात? तिथे गाणंसुद्धा नाहीये.

म्हटलं, तिथे तुझी आई बोलते.

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. माझ्याकडे बघत राहिला, कारण आई म्हणजे मी. मग म्हटलं, मैना. तुझं नाव घेते. मला म्हणते, भूषणला घे, उठलाय.

त्याने तीच जागा पुन्हा लावली. पूर्वा बोलली. “आई, तुम्ही हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

आता मला काय माहीत गाण्याला कात्री लागते. म्हणजे आनंदने सांगितलं होतं. पण हा आपला इंजिनिअर, याला मी शिकवायचं? पोळ्या राहिल्या होत्या, मी आत गेले.

१९ एप्रिल

ऑफिसला गेला नाही. दिवसभर कॉम्प्युटरशी. संध्याकाळी मला हाक मारली, म्हणाला, आई, बघ, लहानाची परत फ्लॅक केली, पहिल्याएवढीच मोठी झाली, आता ऐक.

ऐकलं. तेवढंच पाणी, जास्त भांड्यांत.

मंडईत पावसाळ्यात मेथी संपली की काहीजण वाळवलेली पाण्यात घालून ठेवायचे. फुगायची. टोपली भरायची. गिऱ्हाईक घरी नेऊन शिव्या द्यायचं. हे मी भूषणला सांगितलं. तो म्हणाला, माहितीये मला आई, हे असंच होणार ते मला माहिती होतं.

मग केलं कशाला, हे मी विचारणार होते. त्याचा चेहरा बघून विचारलं नाही. ऑफिसात काही बिनसलं असणार.

२४ एप्रिल, रविवार

आनंदचा फोन. भूषणने त्याला इंटरनेटवरून पत्र लिहिलं होतं, मोठी फाइल परत पाठव म्हणून. आनंद फोनवर आला तो हसतच. म्हणाला, अरे मी तुलाच लिहिणार होतो. त्याची डिस्क मार्चमध्ये जळाली, बापाच्या सगळ्या कॅसेटी त्यातच होत्या. ज्या साइटवरून लोक गाणी उतरवायचे ती पण बंद पडली. पण त्याने काळजी केली नाही. कचरूबुवा पुण्याला आहेत, भूषणकडे, आहेत तसे, असं म्हणून निवांत होता.

भूषणने फोन पूर्वाच्या हातात दिला आणि गच्चीवर गेला. तिने सांगितलं. परदेशी फोन, मिनिटामिनिटाला पैसे पडतात आणि दोघं गप्प.

१ मे

हडपसरला जाऊन आले, महिपतीकडे. पूर्वा रिक्षाने घेऊन गेली. महिपती कर्ण्यांशेजारी उभा राहून राहून बहिरा झालाय. आपण ओरडायचं, त्याने तिसरंच उत्तर द्यायचं. कॅसेटी म्हटल्यावर मात्र लगेच कळलं. म्हणाला, त्यांना बुरशी आली होती, आनंद म्हणाला बाबा आता सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं, जसंच्या तसं, मग ठेवून काय करायचं. भंगारवाल्याला दिल्या. चांगल्या होत्या त्यासुद्धा.

विचारलं, मैना आठवते का. तर म्हणाला, न आठवायला काय, तुझ्या पोरीचा आवाज असा धारदार की पुढे घेतली की माईक फाटायचा. बुवा म्हणायचे तिला पुढे बसव, मीच बसू द्यायचो नाही. पार मागे, कनातीला टेकवून ठेवायचो.

हे त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं. आपल्या कामाची गोष्ट म्हणून.

मी चहा घेतला. साखर जास्त होती. परत येताना पूर्वा रिक्षात दुसरीकडे तोंड करून बसली होती. धूळ फार आहे त्या रस्त्याला.

१२ मे

भूषणने नवीन खूळ धरलंय. कानात वायरी. उठल्यापासून वायरी, जेवताना वायरी. कंपनीच्या बसमध्ये उतरायची जागा गेली म्हणून दोनदा उशिरा पोचला, पूर्वा सांगत होती. आपल्या आजीशी बोलायचं नाही आणि इंग्रजी गाणी ऐकत बसायचं. मी ताट आपटलं तरी वर बघत नाही. मी सांगितलं नाही याचा राग धरलाय म्हणावं, तर तसं बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे उत्तर तयार आहे.

पूर्वाला म्हटलं त्याला समजाव. ती म्हणाली, राहू द्या आई.

२२ मे

आज एक भाजी गॅसवर ठेवून दुसरी चिरत बसले होते, तो समोर जमिनीवर भिंतीला टेकून, डोळे मिटून, कानात ते. मला राहवलं नाही. उठले आणि एका कानातली वायर ओढून माझ्या कानाला लावली, म्हटलं बघू तरी काय एवढं.

गाणं नव्हतं. पेटीची खुडबुड, पाणी. थांबलं आणि पुन्हा पेटीची खुडबुड, पाणी. त्याने तेवढाच तुकडा कापून लावलाय, संपला की पहिल्यापासून.

त्याने डोळे उघडले. म्हणाला, “आई, कशी म्हणाली ती? म्हणून दाखव ना.”

मी म्हणून दाखवलं. भूषणला घे गं, उठलाय. माझ्या तोंडून ते नुसतं काम सांगितल्यासारखं आलं. पुन्हा म्हटलं, बारीक आवाजात, ते आणखीनच वाईट. तो ऐकत होता. मान हलवली, हो म्हणून. ते हो खोटं होतं.

मग त्याने विचारलं, “घे गं म्हणाली की घेतेस का म्हणाली?”

मी म्हटलं घे गं. आणि म्हटल्यावर वाटलं, घेतेस का असेल. मार्चभर दुपारी एवढ्या वेळा ऐकलं, तेव्हा एकदाही वाटलं नाही की लक्षात ठेवायला हवं. मशीनमध्ये आहे ते डोक्यात कशाला ठेवायचं. फेब्रुवारीतल्या पानावर मी घे गं लिहिलंय. पण लिहिणारी मीच, आणि मला दोन ओळी लिहायच्या तर चार वेळा बोलावं लागतं, त्यात शब्द इकडचा तिकडे होतो. उठलाय म्हणताना ती हसली की नाही, तेही आता नक्की सांगता येत नाही.

वायर त्याच्या हातात परत दिली. भाजी करपली ती पूर्वाला कळू न देता फेकली.

२९ मे

आनंद अजून लोकांना पत्रं लिहितोय. ज्यांनी ज्यांनी तेव्हा मोठी फाइल उतरवली असेल त्यांना. एकाने सीडीवर घेतलेली, ती वाचता येत नाही. एकाने लहान करून मोठी पुसलेली. म्हणजे आपला भूषण जगात एकटा नाही, तिकडेही वाळीत टाकण्यासारखे बरेच आहेत. हे मी भूषणला सांगितलं, जरा हसेल म्हणून. नाही हसला.

४ जून

एक राहिलाय. इंग्लंडातला म्हातारा, कुठे कुठे वाजलेल्या ढोलक्या जमवायचा. त्याने उतरवलं होतं हे आनंदला पक्कं आठवतं. म्हातारा हिवाळ्यात वारला. त्याचं सामान मुलीने आवरलं, कॉम्प्युटर कोणाला तरी देऊन टाकला, तो कोणाला हे ती शोधतेय. आज कळेल म्हणाली, आणि उद्या सकाळी आनंद फोन करून सांगणार आहे. आनंदनेच वर हेही सांगितलं की मावशी, आशा धरू नका. दिलेला कॉम्प्युटर लोक आधी पुसतात.

मी कुठे धरलीय. मी मंडईत बसलेली बाई आहे. संध्याकाळी उरलेल्या मालाकडे बघून मला कळतं जाईल की नाही. हा जायचा नाही. उद्याचा फोन नाही म्हणायलाच येणार आहे, आणि आम्ही तिघं इथे आंघोळी करून बसणार आहोत, पाहुणे यायचे असल्यासारखे.

पूर्वा म्हणाली, मी उचलते, त्यांना एकदम नको. चांगली मुलगी आहे. प्रत्येक वाईट गोष्ट आपल्या अंगावर घेऊन मग त्याला पातळ करून देते. मीही तेच करत आले असं तिचं म्हणणं. ते तिने तोंडाने म्हटलं नाही, पण मला ऐकू येतं, माझे कान अजून शाबूत आहेत.

तर आता इथे लिहून ठेवते आणि सकाळी मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे वाद नको. उद्या कॉम्प्युटर बंद ठेवायचा, फोनची तार मोकळी राहिली पाहिजे. फोन वाजला की पूर्वाने स्वयंपाकघरातून हलायचं नाही. मी दारात बसेन, पण उठणार नाही, कितीही वाजला तरी. कानातल्या वायरी काढून भूषणने उचलायचा. हो असो, नाही असो, दुसऱ्या कोणाच्या तोंडून नाही. हाक त्याच्या नावाने होती. उत्तर त्यानेच द्यायचं.